आता खय दाबू?

मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. अगदी नियमाप्रमाणे. वेबसाइट टेस्ट करताना समोरच्या माणसाला मदत करायची नसते म्हणे. नुसतं बघायचं. तो कुठे अडतो, कुठे परत मागे येतो, कुठे सुस्कारा सोडतो... सगळं टिपून ठेवायचं आणि आपण गप्प राहायचं.

समोर माझी चुलत बहीण. हातात तिचा मोबाइल, त्याच्या स्क्रीनला कोपऱ्यात तडा गेलेला. जागा : फोंडाघाटातलं एक झेरॉक्सचं दुकान. वेळ : दिवाळीतली दुपार. आणि मोबाइलवर उघडलेली वेबसाइट एका विद्यापीठाची. म्हणजे तशी माझीच! कारण तिच्यावरचं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी लिहिलं होतं.

तिने वर केलं, खाली केलं, एक फोटो डावीकडे सरकवला, दुसरा आपोआप सरकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ''आता खय दाबू?''

आता कुठे दाबू? साधा तीन शब्दांचा प्रश्न. सहा महिने आम्ही ज्या प्रोजेक्टवर मर मर मेलो, त्याचा निकाल तिने तीन शब्दांत लावून टाकला, बॉस!

मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाला लेखांच्या मानधनावर मुंबईत भाडं भरता येत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे मी 'कंटेंट'ची कामं घेते. बिल्डरांची ब्रोशर्स, हॉस्पिटलची पत्रकं, काय वाट्टेल ते. अशातच गेल्या वर्षी अंधेरीतल्या एका छोट्या डिझाइन एजन्सीकडून फोन आला. एका विद्यापीठाची वेबसाइट नव्याने करायची आहे, मराठी आणि इंग्रजी मजकूर लिहिशील का? विद्यापीठाचं नाव सांगत नाही. आमच्या जिल्ह्याचं ते नाही, एवढंच सांगते. पैसे बरे होते. मी लगेच हो म्हटलं.

पहिल्याच मीटिंगमध्ये लांबलचक टेबलाभोवती बारा माणसं आणि बारा बिस्लेऱ्या. प्रत्येकाला होमपेज हवं होतं. अक्षरशः प्लॉट वाटून घेतात तसं. जनसंपर्क विभागाला बातम्या हव्या होत्या, क्रीडा विभागाला पदकं हवी होती, कुलगुरूंच्या कार्यालयाला कुलगुरूंचा संदेश हवा होता. मूल्यांकनाची श्रेणी ठळक हवी. इमारतीचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ हवा. कोणीतरी म्हणालं, ''थोडं हाय-फाय करा. फॉरेनच्या युनिव्हर्सिटीसारखं.''

आम्ही केलं हाय-फाय. वर पाच फोटोंचा सरकता पट्टा, त्याखाली आकडे गरागरा फिरणारा 'आमची वाटचाल' विभाग, त्याखाली संदेश, त्याखाली 'ध्येय आणि दृष्टी'. ती 'ध्येय आणि दृष्टी' मी तीन रात्री जागून लिहिली होती. ज्ञानाच्या क्षितिजांबद्दल काहीतरी होतं त्यात. आज मलाही आठवत नाही, तर वाचणाऱ्याला काय आठवणार?

आणि त्या सरकत्या पट्ट्यावरच्या तिसऱ्या फोटोवर माझी एक ओळ होती. हसऱ्या मुलामुलींचा फोटो आणि वर : 'प्रवेश सुरू! तुमचं भविष्य इथून सुरू होतं.' एजन्सीतल्या सगळ्यांना ती ओळ जाम आवडली. मलाही आवडली होती. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

साइट लाइव्ह गेली ती गणपतीच्या दिवसांत. त्यामुळे गावचे गणपती चुकले. कोकणातल्या माणसाला गणपती चुकणं म्हणजे काय, हे मुंबईच्या मॅनेजरला समजावणं कठीण. पण ऑफिसात केक कापला, फोटो काढला, मी तो फॅमिलीच्या ग्रुपवर टाकला. खाली अभिमानाने लिहिलं, 'ही वेबसाइट मी केली.'

माझ्या चुलत बहिणीने अंगठा दाखवला आणि तिघांना पाठवला. तिने साइट उघडूनही बघितली. ते मात्र तिने मला सांगितलं नाही.

घाटाखालचं गाव

फोंडाघाट कुठे, असं कुणी विचारलं तर मी आधी 'गोव्यातलं नव्हे' एवढं सांगून घेते. गोव्यातल्या फोंड्यामुळे आमच्या फोंड्याची कायम पंचाईत. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत तुम्ही घाट उतरलात की पायथ्याला जे गाव लागतं ते आमचं. पुढे कणकवली. तालुका तोच, रेल्वे स्टेशन तेच, मोठी खरेदी तिथेच. वर दाजीपूरचं जंगल, गव्यांसाठी प्रसिद्ध. घाट उतरून आलेले ट्रक बाजारपेठेत थांबतात, ड्रायव्हर चहा मारतात आणि पुढे जातात.

गावात आर्ट्स-कॉमर्स कॉलेज आहे. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न. आता गंमत बघा. मुंबई विद्यापीठ 1857 सालचं, त्याची जुनी देखणी इमारत फोर्टमध्ये. फोंडाघाटापासून ती चारशेहून जास्त किलोमीटर लांब. इथून पदवी घेणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी तिच्या पायऱ्या कधी चढलेल्याच नसतात. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे मार्कशीटवरचा शिक्का आणि मोबाइलवर उघडणारी वेबसाइट. बस! फाटक, ऑफिस, खिडकी, शिपाई, चौकशी... सगळं त्या सहा इंचांत. तिथे रस्ता सापडला नाही, तर विद्यापीठाचं दार बंदच म्हणायचं.

हे ज्ञान मला मीटिंगमध्ये झालं नाही. झालं ते दिवाळीत.

चावदिसाच्या पहाटे कारिट फोडून झालं. काकीने पाच तऱ्हेचे पोहे केले होते. मी तिसऱ्यांदा वाढून घेत बहिणीला सहज विचारलं, ''काय गो, एम.कॉम.चं काय झालं तुझ्या?''

ती बी.कॉम. झाल्यावर कणकवलीच्या एका दुकानात हिशेब लिहायला लागली होती. आठवड्याचे सहा दिवस काम, सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीने यायचं. कॉलेजात बसून शिकायला वेळ कुठला? म्हणून तिने ऑनलाइन एम.कॉम. करायचं ठरवलं होतं. फी स्वतःच्या पगारातून बाजूला टाकत होती. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की तिने विद्यापीठ निवडलं होतं माझं. म्हणजे मी वेबसाइट केलेलं.

''नाय झाला,'' ती म्हणाली. ''तारीख गेली.''

''कशी काय गेली?''

''माझीच चूक. माका वाटला, अजून चालू असा.''

काकी चूल सारखी करता करता म्हणाली, ''रडत होता चार दिवस. कोणाक सांगूक देईना.''

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिने साइट उघडली होती. पट्ट्यावर वाचलं होतं, 'प्रवेश सुरू!' फीला थोडे पैसे कमी पडत होते. पगार दहा तारखेला. तिने विचार केला, प्रवेश सुरूच आहेत, पगार झाला की भरू. रोज रात्री साइट उघडून बघायची. रोज तेच, हसरी मुलं आणि 'प्रवेश सुरू!' पगार झाला, त्याच संध्याकाळी ती झेरॉक्सच्या दुकानात गेली, तर फॉर्मची लिंक बंद. मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती.

शेवटची तारीख साइटवर नव्हती का? होती ना! 'परिपत्रके' नावाच्या विभागात, एका स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, दुसऱ्या पानावर. पीडीएफचं नाव होतं स्कॅन आणि पुढे चार आकडे. मुदत संपल्यावर पट्ट्यावरची ओळ काढायची, हे कोणाचं काम होतं? कोणाचंच नाही. मी लिहून मोकळी, एजन्सी बिल लावून मोकळी, विद्यापीठ उद्घाटन करून मोकळं.

''मला फोन का नाही केलास?'' मी विचारलं.

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, ''तू केलेली साइट. माका वाटला, माकाच वाचूक कळला नाय.''

खरं सांगते, त्या वाक्याने पोह्यांची चव गेली. बी.कॉम. झालेली, दुकानाचा सगळा हिशेब पैशापैशापर्यंत जुळवणारी मुलगी. आणि माझ्या एका चटपटीत ओळीने तिला वाटायला लावलं की आपण मठ्ठ आहोत.

दुकानाच्या भिंतीवरची वेबसाइट

म्हणून दुपारी मी तिला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. घरी रेंज जाते-येते, दुकानात वायफाय आहे. म्हटलं, माझ्यासमोर पुन्हा कर. समज, आज फॉर्म भरायचाय. मी काही बोलणार नाही.

पहिल्या अडीच मिनिटांत ती सात ठिकाणी गेली. मेनूमध्ये होतं : प्रशासन, शैक्षणिक, परीक्षा, संशोधन, केंद्रे, माहितीचा अधिकार. तिला हवा होता प्रवेश. 'शैक्षणिक'मध्ये गेली, तिथे विद्याशाखांची यादी. 'वाणिज्य' दाबलं, तिथे अधिष्ठात्यांचा परिचय. मागे आली. 'केंद्रे' दाबायचं तिला सुचलंच नाही. कसं सुचणार? ऑनलाइन अभ्यासक्रम हे एका 'केंद्रा'च्या अखत्यारीत येतात, हे विद्यापीठाला माहीत. तिला कशाला माहीत असेल? आम्ही विद्यापीठाच्या खात्यांचा तक्ता घेतला होता आणि त्याचाच मेनू केला होता. पण माणूस कामाने विचार करतो, कचेरी खात्याने. तो सगळा घोळ तिथे होता.

पुढे आणखी एक गाठ. आता ऑनलाइन किंवा दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याला आधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पोर्टलवर जाऊन डीईबी आयडी काढावा लागतो. त्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांकांच्या बँकेतलं खातं लागतं. म्हणजे तीन पायऱ्या आणि त्या क्रमानेच. आमच्या साइटवर हे कुठे होतं? माहितीपुस्तिकेत. खूप आत. फॉर्म अर्धा भरून झाल्यावर तो आयडी मागायचा आणि मुलं तिथेच अडकायची.

दुकानदार दादा हे सगळं बाजूला कागद कापत ऐकत होते. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, ''बाय, त्या मेनूत कायच गावाचा नाय. हयसर बघ.''

आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर कार्डबोर्ड, त्यावर मार्करने लिहिलेला तक्ता. कुठलं विद्यापीठ, कुठला फॉर्म, शेवटची तारीख, फी किती, सोबत काय काय आणायचं. फोटो, आधार, मार्कशीट, मोबाइल चालू असलेला, ओटीपीसाठी. खाली लाल अक्षरात : 'आधी आयडी काढा, मग फॉर्म.' तारीख बदलली की जुन्या तारखेवर पांढरी पट्टी चिकटवून नवी लिहिलेली. माझ्या विद्यापीठाचीही ओळ होती त्यात. तिच्यावर काट मारलेली. संपलं म्हणून.

मी बघतच राहिले. सहा महिने, बारा माणसं आणि एवढं मोठं बिल. जे आम्हाला जमलं नाही ते या माणसाने एका पुठ्ठ्यावर करून दाखवलं होतं. कारण साधं होतं. त्यांच्या काउंटरवर दिवसभर माणसं येऊन प्रश्न विचारतात. कुलगुरूंचा संदेश काय, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

''तुमी मुंबयवाले चित्रां काढतास,'' दादा हसत म्हणाले. ''आमी रस्तो सांगतंव.''

मी त्यांना एक वही दिली. म्हटलं, चार दिवस कोण काय विचारतं ते नुसतं लिहून ठेवाल? त्यांनी ठेवलं. वही परत मिळाली तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत साधारण तेच पाच प्रश्न फिरून फिरून येत होते. शेवटची तारीख कधी? फी किती? कागद काय लागतात? रिझल्ट कधी? फोन कोणाला करायचा?

जगात सगळीकडे हाच घोळ

मुंबईला परतताना गाडीत मी वाचत सुटले. जरा बरं वाटलं, कारण शहाणी माणसंही याच खड्ड्यात पडलीत. 2010 साली रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने 'एक्सकेसीडी' या आपल्या मालिकेत दोन वर्तुळं काढली. एका वर्तुळात विद्यापीठाच्या होमपेजवर असतात त्या गोष्टी : फोटोंची मालिका, अध्यक्षांचं पत्र, प्रसिद्धिपत्रकं. दुसऱ्यात लोक शोधायला येतात त्या : फॉर्म, वेळापत्रक, प्राध्यापकांचे फोन नंबर, धड वाचता येईल असा नकाशा. दोन्ही वर्तुळांत सामाईक गोष्ट एकच, संस्थेचं पूर्ण नाव! आमची साइट त्याने पंधरा वर्षं आधीच बघितली होती की काय?

मग ब्रिटनची गोष्ट वाचली. तिथल्या सरकारने ऑक्टोबर 2012 मध्ये नागरिकांसाठीच्या आणि उद्योगांसाठीच्या मोठ्या वेबसाइट बंद करून एकच गव्ह-डॉट-यूके सुरू केली. ते करणाऱ्या टीमने स्वतःसाठी नियम लिहिले होते. पहिलाच नियम : सुरुवात गरजेपासून करा, आणि गरज म्हणजे वापरणाऱ्याची, सरकारची नव्हे. दिसायला ती साइट इतकी साधी की आमच्या मीटिंगमध्ये पहिल्या फटक्यात नापास झाली असती. पांढऱ्यावर काळी अक्षरं, फोटो जवळजवळ नाहीतच. तिला 2013 साली लंडनच्या डिझाइन म्युझियमचं 'डिझाइन ऑफ द इयर' मिळालं. हाय-फाय कशाला म्हणायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आणि टेस्टिंगला लाखो रुपये लागतात, हाही एक गैरसमज. वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी 2000 सालीच सांगून ठेवलंय, की पाच माणसांना साइट वापरताना बघितलंत तरी बहुतेक मोठे अडथळे कळतात. पाच माणसं! आमच्या मीटिंगच्या टेबलाशी त्याच्या दुपटीहून जास्त होती. त्यातला विद्यार्थी एकही नव्हता.

आपल्याकडे त्यात मराठीचा वेगळा तिढा. देवनागरी युनिकोडमध्ये आली 1991 सालीच. पण आपल्या कचेऱ्यांनी कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग केलं, जे दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की किडे-मुंग्या दिसायच्या. मग त्यावर उपाय काय? प्रिंट काढा, सही करा, शिक्का मारा, स्कॅन करा, चढवा. झालं ऑनलाइन! पण तो स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यातला शब्द सर्चमध्ये सापडत नाही, मोबाइलवर वाचायला बोटांनी ताणावा लागतो. आणि ज्याला दिसत नाही, जो स्क्रीन रीडरवर ऐकून वाचतो, त्याच्यासाठी ते पान कोरं. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, सरकारी वेबसाइटसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत. सगळं कागदावर आहे. बहुधा तेही स्कॅन केलेल्या!

अर्थात नुसती वेबसाइट बदलून सगळं सुटतं, असंही नाही. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तपासायची पद्धत आणली. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटून गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या उन्हाळ्यात जगातली सर्वात सुंदर वेबसाइट असती तरी काय दाखवणार होती? मागचं काम झालेलं नसेल तर पुढचं पान रिकामंच राहणार. पण आमच्या बाबतीत उलटं होतं. मागे सगळं तयार होतं. तारीख ठरलेली होती, फी ठरलेली होती, लिंक चालू होती. फक्त सांगायचं राहिलं होतं. आणि सांगणं हे तर माझं काम!

पुन्हा तेच टेबल

एजन्सीला मी सांगितलं, मला विद्यापीठासमोर अर्धा तास हवाय. फुकट. ते फुकट म्हटल्यावर लगेच मिळालं.

मी प्रेझेंटेशन केलं नाही. दादांची वही दाखवली, भिंतीवरच्या पुठ्ठ्याचा फोटो दाखवला आणि बहिणीचा मोबाइल वापरतानाचा व्हिडिओ लावला. तिला विचारूनच काढला होता, चेहरा न दाखवता, नुसता हात आणि स्क्रीन. अडीच मिनिटं. खोलीत आवाज फक्त तिचा. 'हय नाय.' 'ह्या काय ता?' 'परत थयच इलंय.' आणि शेवटी, 'आता खय दाबू?'

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, ''मुलांनी नीट वाचायला नको का?'' एकाने तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी कोपऱ्यातून प्रवेश विभागातल्या एक मॅडम बोलल्या. आधीच्या मीटिंग्जमध्ये त्या कधी बोललेल्या नव्हत्या. म्हणाल्या, ''माझ्याकडे दिवसभर फोन येतात. सगळ्यांना हेच पाच प्रश्न असतात. मी कधीपासून सांगतेय, कोणी विचारलंच नाही.''

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. सहा महिन्यांत मी कुलगुरूंची मुलाखत दोनदा घेतली होती. ज्या बाई रोज विद्यार्थ्यांशी बोलतात त्यांना मी एकदाही भेटले नव्हते. पत्रकार म्हणवते स्वतःला!

मग भांडणं झाली. व्हायचीच. पट्टा काढायला कोणी तयार होईना. शेवटी आपल्याकडे होतो तसा तह झाला : कॉम्प्युटरवर पट्टा राहील, मोबाइलवर दिसणार नाही. बघणारी मुलं मोबाइलवर, मंजुरी देणारे साहेब कॉम्प्युटरवर. दोघंही खूश! कुलगुरूंचा संदेश होमपेजवरून 'आमच्याविषयी'मध्ये गेला. त्याला कुलगुरूंनी स्वतः चटकन होकार दिला, विरोध केला तो त्यांच्या कार्यालयाने.

मोबाइलवर आता वर पाच ओळी येतात. कुठल्या अभ्यासक्रमाचे प्रवेश कोणत्या तारखेपर्यंत. फी. कागदपत्रं. निकाल. फोन नंबर, आणि तो उचलण्याची वेळ. आयडीच्या तीन पायऱ्या क्रमाने, फॉर्मच्या आधी. परिपत्रकाचा स्कॅन आहे, कायद्याने लागतो म्हणतात, पण वर त्याचा सारांश चार ओळींत टाइप केलेला. प्रत्येक पानाखाली शेवटची दुरुस्ती कधी केली ती तारीख. आणि ते पान कोणाच्या जबाबदारीचं, हे आतल्या यादीत. सगळ्यात जास्त वाद त्या यादीवरून झाला. रंगावर मत प्रत्येकाला असतं, पण जबाबदारीखाली सही करायला पेन सापडत नाही. शेवटी प्रवेशाच्या पानावर मॅडमनी सही केली.

'प्रवेश सुरू! तुमचं भविष्य इथून सुरू होतं' ही ओळ मी स्वतः काढली. तिथे आता लिहिलंय : प्रवेशाची शेवटची तारीख, आणि पुढे तारीख. मुदत संपली की ती ओळ आपोआप जाते आणि पुढचं सत्र कधी, ते येतं. या ओळीचं कोणी कौतुक केलं नाही. केकही कापला नाही.

ध्येय आणि दृष्टी? आहे अजून. खाली, बरीच खाली. तीन रात्रींचं काम आहे शेवटी, इतकी दया मलाही माझी येते.

ऑनलाइन अभ्यासक्रमांना वर्षात दोनदा प्रवेश असतो, जुलैचं सत्र आणि जानेवारीचं. म्हणजे बहिणीचं वर्ष गेलं नव्हतं, सहा महिने गेले होते. सहा महिने काही कमी नाहीत. ते मी परत करू शकत नाही. कोणी मला त्याचं बिल लावत नाही म्हणून ते झालंच नाही, असं होत नाही. ऑफिसात बसून आपण फॉर्म, ॲप, मेल, नोटिसा करत असतो. तुम्हीही करत असाल. त्या पलीकडे कोणी अडलं तर आपल्याला आवाज येत नाही. ते माणूस गुपचूप मोबाइल बंद करतं आणि स्वतःलाच बोल लावतं. मला आवाज आला, कारण ती माझ्या घरातली होती. एवढाच काय तो योग.

जानेवारीतल्या एका रात्री नऊच्या सुमाराला तिचा मेसेज आला. मी चर्चगेट-बोरिवली लोकलमध्ये लटकलेली. एका हाताने मोबाइल उघडला. वाटलं, पुन्हा काहीतरी अडलं. 

दोनच शब्द होते. 'गावला. भरलंय.'

सापडलं, भरलं. खाली फी भरल्याची पावती. मी उत्तर लिहायला घेतलं तोवर तिचा आणखी एक मेसेज आला. दुकानातल्या भिंतीचा फोटो. दादांनी पुठ्ठ्यावर माझ्या विद्यापीठाची ओळ पुन्हा लिहिली होती. तारीख, फी, कागद. आणि पुढे कंसात, छोट्या अक्षरात : 'साइटवर बघा, आता गावता.'

तो फोटो मी फॅमिलीच्या ग्रुपवर टाकला नाही. पण ठेवलाय जपून.